वाण आणि वळण : इंग्लिश एलच्या यीस्टचा आढावा

इंग्लंडमधल्या साध्या बिटरची कृती पोस्टकार्डावर मावते. फिकट माल्ट, चवीपुरते क्रिस्टल माल्ट, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग जातीचे हॉप्स आणि पाणी, एवढेच सामान. तरीही दोन ब्रुअऱ्यांची बिटर सहसा सारखी लागत नाही. एकीला संत्र्याच्या मार्मालेडची छटा असते, दुसरी बिस्किटासारखी कोरडी लागते, तिसरीच्या घोटामागे लोण्याचा पुसट वास रेंगाळतो. हा फरक बऱ्याच अंशी यीस्टचा. त्यामुळे घरी एल करणारा माणूस दुकानात गेला की आधी विचारतो, कोणते यीस्ट घेऊ?

या प्रश्नाला आज इतकी उत्तरे आहेत की निवड करणे हेच एक काम होऊन बसले आहे. पाकिटांवर लंडन, यॉर्कशर, बर्टन अशी गावा-प्रांतांची नावे असतात आणि पाकीट आणले की त्या गावची बिअर घरात होईल अशी आशा वाटते. ती बहुतेकदा पुरी होत नाही. इंग्लिश ब्रुअरीचे यीस्ट तिथल्या हौदांत, तिथल्या कामाच्या रीतीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असते. पाकिटातून वाण मिळतो, वळण आपल्याला लावावे लागते. यीस्टची निवड आणि हाताळणी यांबद्दल आज काय माहीत आहे आणि मतभेद कुठे आहेत, ते या अंगाने पाहू.

हे वाण आले कुठून

एलचे यीस्ट आणि पावाचे यीस्ट एकाच प्रजातीचे, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. लागरचे यीस्ट वेगळे. ते सेरेव्हिसी आणि थंडी सोसणारी सॅकरोमायसीस युबायानस यांच्या संकरातून झाले. ही दुसरी प्रजाती पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. एलच्या वाणांचा वंशवृक्ष मांडणारा मोठा अभ्यास २०१६ मध्ये ‘सेल’ या संशोधनपत्रिकेत आला. त्यात १५७ वाणांची जनुके वाचली गेली. बिअरचे बहुतेक वाण मोजक्या पूर्वजांपासून आले, त्यांचे माणसाळणे साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात सुरू झाले आणि ब्रिटिश वाणांची एक वेगळी शाखा आहे, असे त्यातून दिसले. अमेरिकेतले एलचे वाण याच शाखेचे जवळचे नातलग निघाले.

माणसाळताना या यीस्टने काही गमावले, काही कमावले. लवंगेसारखा वास तयार करणारी जनुके बहुतेक ब्रिटिश वाणांत निकामी आहेत. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो वास हवासा असतो, बिटरमध्ये तो दोष ठरतो. लैंगिक पुनरुत्पादनाची ताकद ओसरली. उलट माल्टमधली साखर पचवण्याची ताकद वाढली. रानात टिकण्यासाठी लागणारे गुण गेले आणि हौदात टिकण्याचे आले. हे यीस्ट शेकडो वर्षे एका ठरावीक कामाशी जुळत आले आहे, आणि हाताळणीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

शुद्ध की मिश्र

१८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनमधल्या चिझवेल स्ट्रीटवरच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले. तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात नासवणारे जंतू आहेत हे त्यांनी दाखवून दिले. ब्रुअरीने लगोलग स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट ब्रुअरीत वापरून दाखवले. लागर करणाऱ्यांनी ही पद्धत झपाट्याने उचलली. इंग्लंडमध्ये ती सहजी रुळली नाही. एकाच पेशीच्या यीस्टची एल साठवणीत पूर्वीसारखी मुरत नाही, अशी तिथल्या ब्रुअरांची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य निघाले. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गचेच नील्स येल्टे क्लाउसेन यांनी इंग्लिश साठवणीच्या एलमध्ये मागाहून काम करणारे एक वेगळे यीस्ट असते हे मांडले आणि त्याला ब्रेटानोमायसीस असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात पिंपांत भरून मुंबई-कलकत्त्याकडे निघणारी पेल एल महिनोन्‌महिने जहाजात असे. तिच्या चवीतही अशा मागाहून जागणाऱ्या यीस्टचा वाटा असणार.

मिश्र यीस्टची परंपरा विसाव्या शतकातही तुटली नाही. साउथवोल्डच्या अ‍ॅडनम्स ब्रुअरीचे यीस्ट दोन वाणांचे म्हणून ओळखले जाते. ससेक्समधल्या लुइस गावच्या हार्वीज ब्रुअरीने १९५७ मध्ये यॉर्कशरच्या टॅडकास्टरहून जॉन स्मिथ्सचे यीस्ट आणले आणि तेच एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात नेत तिने पुढची अनेक दशके बिअर केली. असे यीस्ट पाकिटात भरायचे म्हटले तर प्रयोगशाळेत त्यातला एक वाण वेगळा काढला जाण्याचीच शक्यता जास्त. मग घरच्या बिअरमध्ये काहीतरी उणे वाटले तर दोष कृतीचा नसतो. यावर घरगुती ब्रुअरांनी काढलेला तोडगा साधा आहे. सुगंधासाठी एक आणि साखर संपवण्यासाठी दुसरा, असे दोन वाण ते एकत्र घालतात. विंडसर आणि नॉटिंगहॅम या कोरड्या वाणांची जोडी त्यासाठी बरीच वापरली जाते.

पुडीपासून प्रयोगशाळेपर्यंत

ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागत असे. ग्लॅडस्टन यांच्या अर्थसंकल्पाने ते बंधन आणले आणि १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले. पुढे ‘बूट्स’ या औषधविक्रेत्या साखळीतही बिअरचे तयार डबे मिळू लागले. डब्यासोबत यीस्टची एक निनावी पुडी येई. वाण कोणता, पुडी किती जुनी, पेशी किती जिवंत, यातले काहीच कळत नसे. चांगल्या चवीची हौस असलेले लोक दुसऱ्या वाटा शोधत. जिवंत यीस्ट असलेल्या बाटलीच्या तळाचा गाळ ते वाढवत किंवा ओळखीच्या ब्रुअरीतून स्वच्छ बरणीत यीस्ट मागून आणत. आजही या वाटा खुल्या आहेत. फुलर्सची ‘१८४५’ नावाची एल बाटलीत यीस्टसह मुरवलेली असते. मात्र काही ब्रुअऱ्या बाटल्या भरताना वेगळेच यीस्ट घालतात, त्यामुळे बाटलीच्या तळाशी दिसते ते मूळ यीस्टच असेल असे धरून चालता येत नाही.

१९८६ मध्ये ऑरेगनमध्ये वायीस्ट आणि १९९५ मध्ये सॅन दिएगोत व्हाइट लॅब्ज सुरू झाली. या दोन कंपन्यांनी द्रव यीस्ट क्रमांक आणि गुणधर्मांसह घरगुती ब्रुअरपर्यंत पोचवले. कोरड्या यीस्टमध्ये कॅनडाची लालेमंड आणि फ्रान्सची फर्मेंटिस ही मोठी नावे. नॉर्विचमधल्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात चार हजारांहून अधिक वाण जपलेले आहेत आणि ब्रुअऱ्याही आपले यीस्ट तिथे ठेवतात. तरी इंग्लंडमधल्या घरगुती बादलीत पडणारे ‘इंग्लिश’ यीस्ट पुष्कळदा अमेरिका, कॅनडा किंवा फ्रान्समधल्या कंपनीकडून आलेले असते.

कायद्याबद्दल एक खुलासा हवा. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी, विक्री न करता घरी बिअर करता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य तयार करायला परवाना लागतो. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून राज्यात ताज्या एलची ओळख वाढली, पण ती परवानाधारक मायक्रोब्रुअऱ्यांमधून. घरी करून पाहण्याची पुढची माहिती मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतल्या मराठी हौशींच्या कामाची आहे. इकडच्या वाचकाला तिचा उपयोग पेल्यातली चव ओळखण्यापुरता.

बाजारातली घराणी

कंपन्या पाकिटावर मूळ ब्रुअरीचे नाव सहसा छापत नाहीत. पुढची ओळखपाळख जाणकारांच्या सर्वसाधारण समजुतीवर आधारलेली आहे, हे लक्षात ठेवून वाचावी.

लंडनच्या घराण्यात फुलर्सचे नाव पहिले. वायीस्टचा १९६८ आणि व्हाइट लॅब्जचा ००२ हे वाण तिथले मानले जातात. पेशी एकमेकींना चिकटून भराभर गोळे होतात, बिअर चार-पाच दिवसांत काचेसारखी नितळते, मार्मालेडची छटा येते आणि थोडा गोडवा मागे उरतो. वायीस्टचा १३१८ हा मँचेस्टरच्या बॉडिंग्टन्सचा वाण समजला जातो. त्याचे नशीब गमतीदार. सौम्य इंग्लिश बिटरसाठी वाढलेला हा वाण आता अमेरिकेतल्या गढूळ, रसाळ न्यू इंग्लंड आयपीएसाठी गाजतो आहे.

दुसरे घराणे व्हिटब्रेडचे. फर्मेंटिसचा एस-०४ आणि व्हाइट लॅब्जचा ००७ त्यातले मानले जातात. काम जलद, शेवट कोरडा, तळ घट्ट. नवख्याला एस-०४ चे पाकीट सुचवले जाते ते यामुळेच. तिसरे यॉर्कशरचे. वायीस्टचा १४६९ हा कीथलीच्या टिमथी टेलर ब्रुअरीशी जोडला जातो. माल्टची चव भरदार ठेवणारा आणि फेसाचा जाड थर उभा करणारा हा वाण आहे. चौथा वाण रिंगवुडचा. पीटर ऑस्टिन यांनी १९७८ मध्ये हॅम्पशरमध्ये रिंगवुड ब्रुअरी काढली तेव्हा त्यांनी हल या यॉर्कशरच्या बंदरगावचे यीस्ट घेतले. ऑस्टिन यांनी पुढे देशोदेशी छोट्या ब्रुअऱ्या उभ्या करून दिल्या आणि त्यांच्याबरोबर हे यीस्टही फिरले. लोण्याच्या वासाबद्दल ते प्रसिद्ध आहे, बदनामही आहे.

कोरड्यांमध्ये नॉटिंगहॅम आणि विंडसर ही लालेमंडची दोन टोके. नॉटिंगहॅम जवळपास सगळी साखर संपवते, थंडीतही काम करते आणि स्वतःचा सुगंध फारसा सोडत नाही. विंडसरला फळांचा वास चांगला येतो, पण माल्टोट्रायोज ही साखर ते पचवत नाही. वर्टमधल्या, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यातल्या, पचण्याजोग्या साखरेत तिचा वाटा साधारण १५ ते २० टक्के असतो. म्हणून विंडसरची बिअर जाडसर आणि गोडसर राहते. ‘यीस्ट अर्ध्यात थांबले’ अशी तक्रार ऐकू आली तर आधी वाण विचारावा. ते थांबलेले नसून त्याचे पोट भरलेले असते.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात: साखर किती संपवतो, तळाशी किती लवकर बसतो, वास कसला सोडतो. पहिल्या गोष्टीची सांगड माल्ट भिजवण्याच्या तापमानाशी घालावी. विंडसरसाठी ६४-६५ अंश सेल्सिअस, म्हणजे सहज पचणारी साखर जास्त निघेल. नॉटिंगहॅमसाठी ६७-६८, म्हणजे थोडे अंग मागे राहील. माल्टचे तापमान न बदलता नुसता वाण बदलणारा माणूस दोन वेगळ्या बिअर पितो आणि सगळे श्रेय किंवा खापर यीस्टच्या माथी मारतो.

वळण लावणारे हौद

यॉर्कशरमध्ये पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद वापरायची रीत आहे. टॅडकास्टरची सॅम्युएल स्मिथ ब्रुअरी ती आजही पाळते. हौदाला दोन मजले. खालच्या मजल्यात बिअर आंबते, फेसाबरोबर यीस्ट मधल्या भोकातून वरच्या मजल्यावर येते आणि तिथेच थबकते, बिअर नळ्यांतून परत खाली जाते. अधूनमधून खालची बिअर वर खेचून यीस्टवर फवारतात, म्हणजे थिजू पाहणारे यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि त्याला हवाही मिळते. अशा हौदात शतकभर राहिलेले यीस्ट गोळे करण्यात पटाईत होणारच, कारण ढवळून उठवण्याची जबाबदारी ब्रुअरने घेतलेली असते. तेच यीस्ट बंद झाकणाच्या प्लॅस्टिक बादलीत एकटे सोडले तर तिसऱ्या दिवशी तळाशी जाऊन बसते आणि घनता १.०२० वर अडकते. उपाय हौदातच दिसतो: पहिले दोन-तीन दिवस निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या चमच्याने दिवसातून दोनदा यीस्ट हलक्या हाताने ढवळून उठवायचे. आंबणे संपत आल्यावर मात्र ढवळणे थांबवावे, नाहीतर हवा लागून बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बर्टन-अपॉन-ट्रेंटची रीत निराळी. तिथे ओक लाकडाच्या पिंपांच्या रांगा आणि प्रत्येक पिंपातून वरच्या लांब कुंडीत उघडणारी वाकडी नळी. यीस्ट नळीतून कुंडीत चढे, बिअर ओघळून पिंपांत परत येई. बर्टन युनियन नावाची ही रचना मार्स्टन्सने शेवटपर्यंत जपली आणि २०२४ मध्ये थांबवली. तिचा एक संच डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने आपल्याकडे नेला. या खटाटोपाचे मोठे फळ म्हणजे पुढच्या घाण्यासाठी मिळणारे मुबलक, स्वच्छ आणि ताजे यीस्ट.

हेन्लीच्या ब्रॅकस्पिअरमध्ये बिअर आंबायला लागल्यावर सुमारे सोळा तासांनी वरच्या हौदातून खालच्या हौदात सोडत. मेलेल्या पेशी आणि गाळ मागे राही, पडताना हवा मिसळे, यीस्टला दुसरा जोम येई. हे घरी करणे सर्वांत सोपे. दुसऱ्या दिवशी सकाळी, फेस नुकता धरत असताना, बिअर दुसऱ्या निर्जंतुक बादलीत उंचीवरून ओतावी. फळांचा वास खुलतो, तसाच लोण्याचा वासही वाढू शकतो. ज्यांना तो नको त्यांनी पुढे सांगितलेली शेवटची ऊब चुकवू नये.

हौदाच्या खोलीचाही परिणाम होतो. उंच, बंद टाकीत बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो आणि तो फळांचा वास देणाऱ्या एस्टरांना आवर घालतो. इंग्लिश हौद उथळ आणि उघडे असत. घरी पसरट बादली, पहिले दोन-तीन दिवस सैल ठेवलेले झाकण आणि फेस ओसरू लागताच घट्ट बसवलेला एअरलॉक, एवढ्याने त्या रीतीच्या बरेच जवळ जाता येते.

किती घालावे

घरगुती ब्रुअरांचा प्रचलित हिशेब असा: दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (वर्टमधल्या साखरेच्या मापाला) साडेसात लाख पेशी. सुरुवातीची घनता १.०४५ असलेले २० लिटर वर्ट म्हणजे साधारण ११ प्लेटो, आणि गरज सुमारे १७० अब्ज पेशींची. द्रव यीस्टच्या पाकिटात ताजेपणी १०० अब्जांच्या आसपास पेशी असतात आणि दर महिन्याला त्या घटत जातात. म्हणून एक-दीड लिटर पाण्यात लिटरमागे १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क उकळून, गार करून त्यात यीस्ट एक-दोन दिवस वाढवून घ्यावे. कोरड्या यीस्टला याची गरज नाही. उत्पादक साधारण १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम सुचवतात, त्या मानाने ११ ग्रॅमचे एक पाकीट २० लिटर साध्या बिटरला पुरते.

कोरडे यीस्ट आधी पाण्यात भिजवावे की थेट भुरभुरावे, हा जुना वाद. कोरड्या पेशीचे आवरण पाणी पिताना काही मिनिटे नाजूक असते, म्हणून वजनाच्या दहापट, ३० ते ३५ अंशांच्या साध्या पाण्यात पाव तास भिजवण्याची शिफारस असे. आता उत्पादकच थेट भुरभुरण्याला मोकळीक देतात. साध्या बिटरला दोन्ही चालते. दाट बार्लीवाइनसाठी भिजवणेच शहाणपणाचे.

कमी यीस्ट घातले की फळांचा वास वाढतो, असेही ऐकू येते. पेशींच्या वाढीचा आणि एस्टरांचा संबंध इतका सरळ नाही. वाढ आणि एस्टर दोन्ही एकाच कच्च्या मालावर, असिटिल-को-एवर, चालतात. वाढीत तो जास्त खर्ची पडला तर एस्टर घटूही शकतात. म्हणून सुगंधासाठी यीस्टची उपासमार करण्यापेक्षा तापमान आणि हौद यांकडे पाहणे बरे.

हवा आणि ऊब

यीस्टला प्राणवायू लागतो तो पेशींच्या आवरणातले स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले बनवायला. ती कमी पडली तर वाढ खुंटते आणि शेवटी दारू सोसवत नाही. ब्रिटिश वाणांची ही गरज अनेकदा मोठी असते, आणि उघडे हौद, फवारणी, उंचावरून सोडणे या सगळ्या रीती ती नकळत भागवत आल्या. घरी गार झालेले वर्ट दोन बादल्यांत चार-पाच वेळा उलटसुलट ओतले की साध्या हवेतून लिटरला जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. साध्या एलला तो पुरतो. कोरड्या यीस्टच्या पेशी कारखान्यात भरपूर हवेत वाढवलेल्या असतात, त्यांच्याकडे स्टेरॉलचा साठा असतो, म्हणून पहिल्या घाण्याला हवा कमी पडली तरी भागते. तेच यीस्ट दुसऱ्या घाण्याला घालताना मात्र साठा संपलेला असतो. पहिली बिअर छान आणि दुसरी सुस्त, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण.

तापमानाबाबत इंग्लिश रीत चढत्या क्रमाची आहे. १६-१७ अंशांना यीस्ट घालायचे, दोन दिवसांत २०-२१ पर्यंत चढू द्यायचे. आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे बादलीतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर असते, आणि मोजायचे ते बादलीतले. सुरुवातच २४-२५ ला झाली तर जड अल्कोहोले वाढतात आणि घशाला उष्ण, झोंबणारी चव येते.

लोण्याचा वास डायअसिटिलचा. पेशी वाढताना त्याचा पूर्वज पदार्थ बाहेर टाकतात, तो बिअरमध्ये आपोआप डायअसिटिलमध्ये बदलतो, आणि जिवंत यीस्ट ते परत शोषून निर्गंध करते. लवकर तळाशी बसणारे इंग्लिश वाण इथेच दगा देतात, कारण साफसफाईच्या वेळी कामगार झोपलेले असतात. म्हणून घनता स्थिर झाल्यावरही दोन दिवस २० अंशांची ऊब ठेवावी, मगच बिअर थंड करावी. खात्रीसाठी पेलाभर बिअर झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावी आणि गार करून हुंगावी. लोणी जाणवले तर यीस्टचे काम बाकी आहे. यॉर्कशरच्या काही एलमध्ये हा वास पुसटसा असणे रीतीला धरून मानतात, त्यामुळे तो किती चालवून घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्या काळजीला एक आव्हानही मिळाले आहे. अमेरिकेतल्या ‘ब्रुलॉसफी’ या गटाने तीन पेल्यांतला वेगळा पेला ओळखण्याच्या कितीतरी चाचण्या घेतल्या. आंबवण्याचे तापमान बदलूनही अनेकदा चाखणाऱ्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही. ही नोंद प्रामाणिक आहे आणि अंशा-अंशाची चिंता करणाऱ्याने ती मनावर घ्यावी. पण एका खोलीतल्या चाखणाऱ्यांना फरक ओळखता न येणे ही एक गोष्ट आणि दर घाण्याला तीच चव मिळणे ही दुसरी. इंग्लिश ब्रुअरचे कौशल्य दुसऱ्या गोष्टीत आहे.

तळाशी बसणे

पेशी एकमेकींना चिकटण्यासाठी कॅल्शियम लागते. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात ते भरपूर असते. अगदी मऊ पाण्यात तेच यीस्ट गढूळ राहू शकते, आणि लिटरला निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल एवढे जिप्सम घातले तर बहुधा निवळते. यावर इंग्लंडचा जुना उपाय आयसिंग्लास, म्हणजे माशाच्या वायुपिशवीपासून काढलेले प्रथिन. धन भाराचे हे प्रथिन ऋण भाराच्या यीस्टपेशींना ओढून खाली नेते. आपल्या कोळ्यांना ही वस्तू नवी नाही. घोळ माशाच्या भोताला आजही मोठा भाव मिळतो, आणि भारतीय किनाऱ्यावरच्या आयसिंग्लासबद्दल जॉन फोर्ब्ज रॉइल यांनी १८४२ मध्येच पुस्तक लिहिले होते. शाकाहारी माणसाने फुलर्स घराण्यातला वाण घ्यावा आणि आठवडाभर थांबावे, मासा लागतच नाही.

पुन्हा वापरणे

यीस्ट सांभाळण्याची खरी परीक्षा इथे आहे. ब्रुअरीचे यीस्ट रोजच्या विरजणासारखे असते: चांगल्यातून थोडे बाजूला काढायचे आणि न विसरता पुढे लावायचे. लागरचे यीस्ट तळातून काढतात आणि बहुतेक ब्रुअऱ्या ठरावीक पिढ्यांनंतर ते टाकून नवे वाढवतात. एलचे यीस्ट वरून काढता येते, आणि हार्वीजसारख्या ब्रुअऱ्यांची दशकानुदशकांची साखळी त्यामुळे शक्य होते. वर तरंगणाऱ्या पेशी तरुण आणि जोमदार असतात, मेलेल्या पेशी आणि हॉप्सचा चोथा खाली राहतो.

घरी दुसऱ्या दिवशीचा तपकिरी, कडवट फेस काढून टाकावा. त्यानंतर येणारा पांढरा, लोण्यासारखा दाट थर निर्जंतुक चमच्याने उकळून गार केलेल्या पाण्याच्या बरणीत घ्यावा, झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठवड्याच्या आत वापरावा. तळाचा गाळही चालतो, २० लिटरला १५०-२०० मिलिलिटर दाट गाळ पुरतो. आंबट किंवा औषधी वास आला, घनता नेहमीपेक्षा फार खाली गेली किंवा बाटल्या अति फसफसू लागल्या, तर ते यीस्ट टाकून द्यावे. शेवटची दोन लक्षणे डायस्टॅटिकस या जातभाईची असू शकतात. तो इतर यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचीही साखर करतो, आणि बाटलीत शिरला तर काच फुटण्याचा धोका असतो.

फार दिवस उबेत पडलेला गाळ स्वतःलाच पचवू लागतो आणि बिअरला मांसरसासारखा खारट वास येतो. हा वास ज्यांना ओळखायचा असेल त्यांनी मार्माइट चाखावे. १९०२ पासून बर्टनमध्ये ब्रुअऱ्यांच्या उरलेल्या यीस्टपासून ते याच क्रियेने बनवले जाऊ लागले. मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या पंडुरोगावर काम करणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स यांना हाच यीस्ट-अर्क गुणकारी आढळला आणि त्यांचा लेख १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गुणामागचा घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

तर कोणते यीस्ट घ्यावे

मार्गदर्शक पुस्तके वाणांच्या तक्त्यांनी भरलेली असतात. तक्ते उपयोगी आहेत, पण वर पाहिल्याप्रमाणे एकाच वाणाची बिअर उथळ हौदात एक आणि बंद टाकीत दुसरी, ढवळून एक आणि न ढवळता दुसरी होते. म्हणून वाण आपल्या सवयीकडे पाहून निवडावा. यीस्ट घातल्यावर आठवडाभर बादलीकडे फिरकायला ज्याला वेळ नाही, त्याने एस-०४ किंवा नॉटिंगहॅम घ्यावे. दिवसातून दोनदा झाकण उघडायची ज्याची तयारी आहे, त्याने यॉर्कशरचा वाण घ्यावा. ज्याला नितळ बिअर लवकर हवी आणि थोडा गोडवा चालतो, त्याला लंडनचा. रिंगवुडच्या वाटेला दोन-चार घाणे झाल्यावर जावे.

एकदा निवडलेला वाण लगेच बदलू नये. कृती तीच ठेवून पाच-सहा घाणे त्याच यीस्टवर काढावेत आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी: कधी सुरुवातीचे तापमान, कधी हवा, कधी झाकण. घनता, तापमान आणि वास वहीत टिपावेत. तेवढ्यात त्या यीस्टचा स्वभाव कळतो, ते कधी थकते, कधी रुसते हे बादलीच्या वासावरून ओळखू येते. तोवर बिटरही ‘लंडनची’ किंवा ‘यॉर्कशरची’ राहिलेली नसते, ती त्या घरची झालेली असते. इंग्लंडच्या जुन्या ब्रुअऱ्यांचे यीस्ट वेगवेगळे झाले तेही याच मार्गाने.